कुंकू लागलेलं सूप

अरे, त्या सुपाचं तर सांगायचंच राहिलं. आमची माय बांबूची सुपं विणते अन् मी देवरीत बसून ती ऑनलाइन विकतो. मागच्या दिवाळीले शहरातल्या एका बाईनं सूप मागवलं. लक्ष्मीपूजन झालं अन् सूप वापस आलं. त्याच्यावर हळद, कुंकू, चिकटलेले तांदूळ. कारण लिहिलं होतं, 'साइज लहान, वापरलं नाही.'

कंपनीले फोन लावला. तिथली मॅडम म्हणे, "सर, कस्टमर ने अनयूज्ड लिखा है."

मी म्हटलं, "मंग कुंकू का कुरिअरवाल्यानं लावलं?"

यंदा त्याच बाईची ऑर्डर आली. मी कॅन्सल करून राहिलो होतो, तर माय म्हणे, "कायले? पाठव ना. पयले आपली लक्ष्मी पूजून घेऊ त्या सुपात, मंग पुसून पाठव. तिले करू दे उष्टी पूजा."