दार उघडेपर्यंत

तुम्ही मला भोळा म्हणता, पण नातीच्या शिक्षणाचा मला आधीपासून संशय होता. चार वर्षं ती इंदूरला संशोधन करते, आणि काय शोधलं विचारलं की नुसती हसते. यंदा दिवाळीला ती दापोऱ्याला आली, तेव्हा तिचा बाप मला म्हणाला, "बाबा, बस झालं आता. तिला घरीच ठेवू." मी म्हटलं, "थांब, आधी मी विचारतो."

ती माझ्यामागं केळी पिकवायच्या खोलीपाशी आली आणि तिनं कडीला हात घातला.

"उघडू नको गं! सारखं पाहिलं की ऊब जाते, माल बिघडतो."

"आबा, मी हेच शिकते. बारीक कण असतात, मोजायला गेलं की बदलतात."

"मतलब तिथं पण ऊब जाते?"

"नाही ना! आमच्याकडं दार उघडेपर्यंत केळं कच्चं की पिकलं, हे ठरलेलंच नसतं."

मी विचारलं, "कोणी बघितलंच नाही, तर ठरलेलं नव्हतं हे तुम्हाला कळलं कसं?"

पोरीनं कडीवरचा हात काढला. म्हणाली, "आबा, त्याच्यावरच तर काम चाललंय. अजून दोन वर्षं लागतील."

मी पोराला सांगितलं, जाऊ दे तिला. खोटं बोलणाऱ्याजवळ उत्तर तयार असतं, हिच्याजवळ नव्हतं.

संशय अजून आहेच, पण आता केळ्यांवर. खोलीचं दार उघडायच्या आधी मी दोनदा खोकतो. आत काय ठरायचं ते ठरू दे बापा.