दहाव्याला घालायचं जॅकेट

...नाही, तुम्हीच मला सांगा, आमच्या नागावच्या कावळ्याला आजवर कुणी आमंत्रण दिलंय का? पर्यटकाच्या हातातला वडापाव नेतो हो तो, मिरचीसकट. बोंबील सुकत घातले की त्याच्यापायी राखणीला माणूस बसवावा लागतो. आणि त्या दिवशी, माझ्या वडिलांच्या दहाव्याला, मी डोक्याचा गोटा करून, ओला पंचा नेसून, समुद्रावर पिंड मांडून बसलोय, पिंडावर साजूक तूप, बाजूला पानात अण्णांच्या आवडीचं एकूण एक, समोर सुरूच्या झाडांवर कावळ्यांची ही एवढी रांग... आणि कावळा काही शिवेना.

बरं, नुसते बसलेत म्हणावं तर तसंही नाही. एरवी ह्यांचा कलकलाट किती! त्या दिवशी चकार शब्द नाही. वारा आहे, लाटा आहेत, आणि वर एवढे कावळे गप्प. माना वळवून सगळे एकाच ठिकाणी बघतायत. पिंडाकडे नाही हं... माझ्याकडे. म्हणजे मला वाटलं माझ्याकडे. मी आपला डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं नवीन टक्कल आहे, चमकत असेल. पण नाही. माझ्या मागे, जरा उजवीकडे बघत होते. आणि तिथे उभी होती आमची मृणाल. जॅकेट घालून.

आता हे जॅकेट काय प्रकरण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा बापाच्या दहाव्यावरून कपड्यांवर कुठे घसरला. मृणाल माझी मुलगी. मुंबईला फॅशनचं शिकते, शेवटचं वर्ष. मला वाटलं होतं, पोरगी शालू-पैठण्यांचं काहीतरी करेल, गावातल्या चार नवऱ्या सजवेल. कसलं काय! शेवटच्या परीक्षेला ह्यांना सांगितलं, कपडे करा, पण कचऱ्याचे. टाकाऊतून टिकाऊ. आणि ते अंगावर घालून लोकांसमोर चालून दाखवा. झालं! ही आपल्या वर्गातली टाळकी घेऊन आली आमच्या होमस्टेमध्ये, फुकट राहायला, आणि सगळ्या किनाऱ्यावरचा कचरा माझ्या पडवीत. घरातला कचरा बाहेर न्यायला मी माणूस ठेवलाय, आणि ही मंडळी बाहेरचा आत आणतायत! त्यांच्यात एक ऋत्विक म्हणून होता, त्याने समुद्राने टाकलेल्या चपलांचा झगा केला. मला म्हणतो, "काका, एक गंमत बघितली का? सगळ्या चपला डाव्या पायाच्याच आहेत." मी वाकून बघितलं. खरंच सगळ्या डाव्या. म्हटलं, बाबा रे, उजव्या शोधायला जाऊ नकोस, त्या ज्याच्या पायात असतील त्याच्या पायात राहू देत.

आणि आमच्या मृणालला काय मिळावं? टेप. कॅसेटमधला टेप. तो कुठला, तर अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील, गावाचे सदूबुवा. आसपासच्या कुठल्या गावात भजन म्हटलं की त्यांच्याशिवाय पान हलत नसे. कोणे एके काळी त्यांनी स्वतःच्या भजनांच्या कॅसेटी भरून घेतल्या होत्या, ट्रंकभर. पुढे कॅसेट वाजवायचं यंत्रच घरात उरलं नाही. दुसरा कोणी हळहळला असता. अण्णांनी काय केलं? कॅसेटी फोडल्या, आतला टेप ओढून काढला, आणि भात पोसवलं की पाखरं हाकलायला शेतावर ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणला. करतात हो पुष्कळ जण, तो चकाकतो, वाऱ्यावर घूंऽऽ करतो, पाखरू उतरत नाही. पण आमच्या शेतातला नुसता घूं करायचा नाही. माणूस बांधावरून जाता जाता थबकायचा. "बुवा शेतात हायत वाटतं," म्हणायचा, आणि मोठ्याने राम राम घालायचा. बुवा तेव्हा घरी ओटीवर चहा पीत बसलेले असायचे.

तर मृणालने विचारलं, "आजोबा, हा टेप मला द्याल? विणून कापड करते." अण्णा उठले, शेतात गेले आणि स्वतःच्या हाताने सगळाच्या सगळा टेप काठीवर गुंडाळून आणला. मी म्हटलं, अहो अण्णा, भात तयार होत आलंय, पाखरं खातील ना! तर म्हणाले, "न्हाय येत. त्यांना आता म्हाईत झालंय." काय माहीत झालंय, ते काही सांगितलं नाही. आणि तुम्हाला सांगतो, शेत उघडं होतं, एक चिमणी उतरली नाही.

ही बसली विणायला. कापड झालं काळंभोर, चकचकीत, बघणाऱ्याला वाटावं रेशीम आहे. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण ओटीवर खुंटीला टांगलं की आमचा मोत्या घरात मागच्या दाराने यायला लागला. वारा पडलेला असला तरी ते आपलं बारीक आवाजात घूं... घूं... एक पुण्याचं जोडपं उतरलं होतं, त्या बाई नाश्त्याला म्हणतात, "सकाळचं भजन फार छान होतं हो, कोण गातं?" आता काय सांगणार? म्हटलं, ते कॉम्प्लिमेंटरी आहे.

आता माझं खरं दुखणं सांगतो. ते शेत मला विकायचं होतं. हो, होतं! हसू नका. भरतीचं खारं पाणी शिरतं, कापणीला माणूस मिळत नाही, आणि इकडे चंदर दलाल मुंबईची पार्टी घेऊन दारात उभा. तिथे म्हणे कॉटेज होणार, पोहायचा तलाव होणार. मी म्हणतो, हाकेवर समुद्र असताना तलाव कशाला? पण ते त्यांचं त्यांनी बघावं. अण्णांसमोर विषय काढला तर चिडले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी हाय तवर ऱ्हाऊ दे. गेल्यावर काय ते बघू." मी म्हटलं बरं. मला काय माहीत, बघणार ते आहेत!

आणि गेले हो अण्णा. दुपारचे, ओटीवर बसल्या बसल्या. शेजारी खुंटीला ते अर्धवट जॅकेट, बाह्या अजून लागायच्या होत्या. आम्ही सगळे आत जेवतोय, बाहेरून गुणगुणणं ऐकू येतंय, म्हटलं अण्णा मजेत आहेत. जेवून बाहेर आलो, हाक मारली, हात लावला... हात गार. आणि गुणगुणणं चालूच. कधी गेले ते आम्हाला कळलंच नाही. मी आजही त्या ओटीवर एकटा बसत नाही, आता म्हणा मला भित्रा.

मृणालची परीक्षा नेमकी दहाव्याच्याच दिवशी संध्याकाळी, मुंबईत. तेव्हा सुतकात कोपऱ्यात बसून ती बाह्या विणतेय, आणि आमची काशीआत्या, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, तिथून कुरकुरतेय, "सुतकात कसला गो धंदा मांडलायस?" अण्णांची एकुलती नात, दहाव्याला थांबणार तर होतीच. मग सरळ मांडव्याला जायचं आणि लाँच पकडायची. जॅकेटची घडी घातली तर टेप मोडतो, म्हणून अंगातच घातलेलं. मीच हो म्हटलं होतं. माझं लक्ष कुठे होतं? मला आपलं वाटलं, मुंबईची फॅशन, असेल.

तर मी बसलोय. गुरुजींनी हाका मारून झाल्या, मी काव काव करून झालं, आणि कावळा काही शिवेना. मग गाव लागलं डोकं चालवायला. कावळा शिवत नाही म्हणजे माणसाची काहीतरी इच्छा राहिलीय. एक म्हणाला, "बुवांना सुकटीची चटणी लागायची." आहे बाबा पानात. दुसरा म्हणाला, "तंबाखू?" धावत जाऊन तंबाखू आणला, चुन्यासकट. मी हात जोडून म्हटलं, अण्णा, तुमचे टाळ-मृदंग मंडळाला देईन. अण्णा, आत्याला सांभाळीन. अण्णा, मृणालचं लग्न थाटात करीन. मागून मृणाल म्हणाली, "बाबा, ते राहू दे." शेवटी कोणीतरी समोरच्या टपरीवरून वडापाव आणून ठेवला. वडापाव! आमचा कावळा आणि वडापाव सोडतो! वर सगळे बसून आहेत, एक पंख हलत नाही.  

भरती चढायला लागली होती. पाणी पिंडाच्या दिशेने येतंय, एक लाट जरा मागे, पुढची जरा पुढे. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं, ते हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात सोय आहे." मी तर कधीचा तयार. पण आत्या कडाडली, "गवताचा कावला? माझ्या भावाला? आयुष्यभर देवाचं गायलाय तो, त्याला गवतावर घालवतोस व्हय?" गुरुजींनी दर्भ पिशवीत ठेवून दिला.

आणि वारा वाढला. माझ्या पाठीशी ते जॅकेट घूं करायला लागलं... हळू... मग जरा वर... तुम्हाला सांगतो, अण्णांची एक सवय होती, आलाप घ्यायच्या आधी ते खाकरायचे. मी ते खाकरणं ऐकलं. माझ्या उजव्या कानामागे. मान वळवायची माझी हिंमत झाली नाही.

आत्या म्हणाली, "अनंता, तो कशापायी अडलाय ते तुला ठावं हाय. बोल."

मला ठाऊक होतंच की हो. सगळ्या गावाला ठाऊक होतं. चंदरही आला होता दहाव्याला, पांढरा शर्ट घालून, त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. पाणी पिंडाला लागणार, बाप असाच अधांतरी राहणार, आणि मी एवढा मोठा घोडा झालो तरी त्या क्षणी एवढंच वाटलं हो, की अण्णा माझ्यावर रागावून जायला नकोत. म्हटलं, "अण्णा, शेत विकणार नाही. पिको न पिको, विकणार नाही. जा आता तुम्ही."

मागचं गुणगुणणं बंद झालं. खट्कन. आणि झाडावरून एक कावळा सुटला, मोठा, मानेला राखाडी. इकडे तिकडे बघणं नाही, उड्या मारणं नाही. सरळ आला, पिंडाला चोच लावली. त्याच्यामागून बाकीचे उतरले ते वडापावावर. गावाने हात जोडले. आत्या वाळूत बसून रडायला लागली आणि मीही रडलो, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

ते बरं वाटणं मांडव्याच्या रस्त्यापर्यंत टिकलं. मृणाल स्कूटरवर मागे बसलेली, मांडीवर मोठी पिशवी, पिशवीत घडी न घालता ठेवलेलं जॅकेट. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, हा टेप पाखरं हाकलायचा! शेतात कशासाठी बांधला होता? आणि तेच अंगात घालून ही पिंडाच्या शेजारी उभी! कुठला कावळा येणार? धक्क्यावर स्कूटर लावली आणि म्हटलं, "मृणाल, त्या जॅकेटमुळे कावळे येत नव्हते."

म्हणाली, "हो."

"हो काय? तुला माहीत होतं?"

"रागावू नका ना बाबा. आजोबांनीच सांगितलं होतं. 'ह्ये घालून माझ्या दहाव्याला उभी ऱ्हा, आणि तुझा बाप शेताचं बोलला की काढ. आधी काढू नको.' तुम्ही बोललात, मी काढलं."

म्हातारा! अहो, काय म्हातारा! जाता जाता मला सगळ्या गावासमोर गंडवलं की हो! राग आला, हसू आलं, आणि खरं सांगू, आतून मोकळाही झालो. कारण मग त्यात इच्छा-बिच्छा काही नाही, आत्मा-बित्मा काही नाही, आजोबा-नातीची मिलीभगत. असा फसवून घेतलेला शब्द कोण पाळतो? ठरवलं, ही लाँचमध्ये बसली की चंदरला फोन. आपलं सहज, पिशवी तिच्या हातात देता देता विचारलं, "कधी सांगितलं ग तुला अण्णांनी?"

"परवा," म्हणाली. "बाह्या जोडून पहिल्यांदा अंगात घातलं ना, तेव्हा."

आणि गेली हो उड्या मारत लाँचकडे. परवा. अण्णांना जाऊन आठवडा झाला होता परवा. मी तिथेच उभा, बोडक्या डोक्याने, लाँच पार दिसेनाशी झाली तरी. आणि तेवढ्यात फोन वाजला. चंदर. "दादा, दहाव्याला माणूस काय वाट्टेल ते बोलतो, मी मनावर घेतलेलं नाही. पार्टीला कधी आणू?"

म्हटलं, "राहू दे चंदर. मालक नाही म्हणतायत."

"अहो, मालक आता तुम्हीच ना?"

म्हटलं, "मलाही तसंच वाटत होतं."