तुझ्यापुढं काय मोल तिचं

तुम्हाला गाडी रोजच्या वापराला हवीय, की नुसती अंगणात उभी करून मिरवायला? — नाही, रागावू नका, विचारायला नको का? कैरोहून लोक येतात हल्ली, जुन्या प्यूजोच्या पाठीवर हात फिरवतात, 'अरेरे, लहानपणी हिच्यातनंच आजोळी जायचो' म्हणतात, फोटो काढतात आणि जातात. मला फोटोवाला नकोय. — काय? मधाच्या पेट्या? एका शेतातनं दुसऱ्या शेतात? हां, मग ठीक आहे. हिलमीभाऊ नाव म्हणालात ना? बसा हिलमीभाऊ. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, या बाकावर बसा. चहा ठेवलाय. पेट्या मावतील हो, न मावायला काय झालं. सात माणसांची गाडी ती. मागची बाकं दुमडली की आत अख्खी खाट मावते — मला माहीत आहे ना, माझा नवराच मावतो. हसा, हसा, तोही हसतो. म्हणतो, 'इन्साफ, मला कलिंगडासारखं भरतेस आणि कलिंगडासारखं उतरवतेस.' शौकी फरशा बसवायचा. वर्ष होऊन गेलं, परांचीवरून पडला, कंबरेतनं गेला. बसता येत नाही त्याला, नुसतं आडवं. आणि मनसुराच्या इस्पितळात व्यायामाला रोज न्यायचं, शुक्रवार सोडून. मायक्रोबसवाला आडव्या माणसाला घेईना — म्हणतो, 'बाई, हा चार जणांची जागा खातो.' टुकटुकमध्ये तर हाडं मोजून घ्यावीत. म्हणून ही लांब गाडी. हौस नव्हती भाऊ. एवढं लक्षात ठेवा, हौस नव्हती.

आता गाडीचं सांगते. लपवणार नाही. गिअर स्टिअरिंगपाशी आहे, तिसरा टाकताना जरा थांबायचं, ओढायचं नाही — 'म्हातारीला हात देऊन पायरी चढवतात तसं' — असं हिचा जुना मालक, उस्ता, म्हणायचा. उन्हाळ्यात पाणी जास्त पिते. मागचा डावा दरवाजा आतनं उघडत नाही, बाहेरनं उघडायचा. बाकी इंजिन म्हणाल तर — काय? कोपऱ्यावरचा उसळवाला म्हणाला? काय म्हणाला तो? की ही बाई रोज सकाळी गाडी ढकलत नेते? — त्याच्या कढईत माती पडो! चणे-वाटाणे शिजवावेत का लोकांच्या गाड्या मोजाव्यात! नाही नाही, स्टार्टर चांगला आहे. चला, दाखवते. ही बघा चावी — बघितलंत? पहिल्या फटक्यात. थंडीत, जानेवारीत, तरी पहिल्या फटक्यात. बंद करते हं, उगाच आवाज नको. ऐकू जातो आवाज लांबवर. — हो, ढकलते. खोटं कशाला बोलू, ढकलते. मी आणि शेजारचा करम, त्या तुतीच्या झाडापर्यंत, कालव्याच्या वळणापर्यंत, आणि मग तिथं चालू करते. शौकी आत पडलेला असतो. सुरुवातीला विचारायचा. आता डोळे मिटून घेतो.

चांगली गाडी कोण ढकलतं, असंच ना? बरोबर आहे तुमचं. मीही घेतली नसती असली गाडी. घ्या, साखर तुमची तुम्ही घाला.

या गल्लीत, ते हिरवं दार दिसतं ना, तिथं उस्ता मितवल्ली राहतो. ही गाडी त्याची. म्हणजे होती. तीस वर्षं मनसुरा ते कैरो चालवली त्यानं. तुम्ही मधवाले, पण सात माणसांच्या प्यूजोत तर बसला असाल — सातवा माणूस येईस्तोवर गाडी हलायची नाही, आणि ड्रायव्हर अड्ड्यावर ओरडायचा, 'एकच नफर! कैरो, एकच नफर राहिलाय!' — सहा राहिले असले तरी एकच म्हणायचे लबाड. मितवल्ली कधी नाही म्हणायचा. तीन असले तर तीन म्हणायचा. लोक त्याच्याच गाडीत बसायचे त्यासाठी. पुढं मायक्रोबस आल्या, धंदा संपला, बायको गेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पण गाडी त्यानं विकली नाही. रोज दुपारच्या नमाजानंतर हळूच काढायचा, कालव्याच्या कडेनं जुन्या अड्ड्यावर न्यायचा — इथनं तिथं, दोनशे पावलं — आणि तिथं गाडीला टेकून बाकीच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांशी गप्पा मारायचा. संध्याकाळी परत. एवढंच.

आणि शौकी पडला, तेव्हा पहिला कोण आला माहीत आहे? तोच. मी सांगायला गेले नव्हते. 'पोरी, मागची बाकं दुमडलीयत, आण त्याला,' म्हणाला. महिनाभर रोज नेलं त्यानं. पेट्रोलचे पैसे द्यायला गेले तर म्हणाला, 'मी काय प्रवासी घेतलाय? शेजारी घेतलाय.' — हो हो, ऐका तर. मग एक दिवस कालव्यापाशी समोरनं ऊस भरलेली गाडी आली, ती त्याला दिसलीच नाही. आमचं पुढचं चाक काठावरनं खाली लटकलं. मी मागं शौकीच्या छातीवर आडवी पडले होते. खाली हिरवं पाणी. उस्ता उतरला, चाकापाशी गेला, चाचपून बघितलं आणि परत येऊन म्हणाला, 'काही नाही, दगड होता.' हिलमीभाऊ, दगड नव्हता. त्यालाही माहीत होतं.

मी म्हटलं, उस्ता, मी चालवते ना, मला येतं, बापाचा ट्रॅक्टर चालवलाय, परवाना आहे. तू शेजारी बस. तर म्हणाला, 'ही गाडी दुसऱ्या हाताला कळत नाही.' मी म्हटलं, मग विकत दे. म्हणाला, 'पाय विकतात का?' — आता काय करणार होते मी? सांगा ना. त्याच्याबरोबर पाठवलं तर दोघं कालव्यात, नाही पाठवलं तर शौकी जन्मभर खाटेवर. तुम्ही काय केलं असतंत? — नाही, राहू द्या. तुम्ही चांगले दिसता. तुम्ही काहीतरी चांगलंच सांगाल.

त्याच्या धाकट्या मुलीचं, समाहचं, ठरत होतं तेव्हा. टांटाहून मुलाकडची माणसं आली होती बोलणी करायला. अंगणात खुर्च्या, सरबत, सगळी गल्ली जमलेली. कोणी काय आणायचं ते ठरलं — फ्रिज आणि स्वयंपाकघर आमच्याकडून, म्हणाला उस्ता, आणि मुलाचा काका म्हणाला, 'कागद कशाला करायचा? उस्ता मितवल्लीचा शब्द म्हणजे लोखंड, सगळा रस्ता सांगतो.' सगळ्यांनी फातिहा म्हटली. बायकांनी झगारीद घातली, आनंदाच्या किलकाऱ्या — मीसुद्धा घातली, माझा आवाज सगळ्यांत मोठा. आणि मग मी उठले. गाडी दारातच होती, धुऊन पुसून, फुलं लावलेली. मी तिच्यापाशी गेले आणि मोठ्यानं म्हटलं, 'माशाल्ला उस्ता, किती सुंदर गाडी आहे तुझी!'

तुम्हाला माहीत आहे तो काय म्हणणार. आपल्यात कोणी आपल्या वस्तूचं कौतुक केलं की आपण काय म्हणतो? बांगडी असो, बकरी असो, पोराचा नवा सदरा असो. तो हसला, म्हणाला, 'तुझ्यापुढं काय मोल तिचं, पोरी! तुझीच समज.' म्हणायचं असतं म्हणून म्हणाला. श्वास सोडावा तसं म्हणाला. आणि पुढं मी काय म्हणायचं, तेही कालच्या पोराला ठाऊक आहे. 'मालकाच्याच हाती शोभते.' झालं, विषय संपला, सरबत प्या. — मी ते म्हटलं नाही. मी हात पुढं केला. असा. म्हटलं, 'कबूल आहे, उस्ता. अल्ला तुला भरून देवो.'

आधी सगळे हसले. त्यांना वाटलं थट्टा. मी हात मागं घेतला नाही. मग हसू थांबलं. मी त्याच्याकडे बघत नव्हते भाऊ, मी टांटाच्या काकाकडे बघत होते. आणि तो काका उस्ताकडे बघत होता. आत्ताच म्हणाला होता ना, शब्द म्हणजे लोखंड. गाडीचा शब्द पोकळ निघाला तर फ्रिजचा शब्द कशावरनं भरीव? समाह दारात उभी होती सरबताचं ताट घेऊन. तिचं तोंड — जाऊ दे. उस्तानं खिशात हात घातला. चावी काढायला वेळ लागला त्याला, मोतीबिंदू, आणि चावीला ती सुती दोरी गुंतलेली. माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, 'मबरूक, लखलाभ. तिसरा गिअर ओढू नकोस.'

फुकट नाही घेतली! एवढं ऐकून जा. दुसऱ्याच दिवशी बाजारभाव विचारून पाकीट दिलं त्याच्या हातात. दोन सोन्याच्या बांगड्या विकल्या. कागद केला, सही झाली. विकत घेतलीय मी गाडी, कोर्टात जाऊन सांगेन. त्यानं पाकीट उघडलंसुद्धा नाही, तसंच खाटेखाली सरकवलं. आणि गल्लीतले सगळे म्हणाले बरं केलंस इन्साफ, आंधळा म्हातारा कुणाला तरी चिरडता. सगळे म्हणाले. — आणि आता मी कोणाकडे गेले की बायका बांगड्यांवर बाह्या ओढतात. करमची आई तर तोंडावर म्हणते, 'इन्साफ, माझ्या झुमक्यांकडे बघ हवं तेवढं, पण सुंदर म्हणू नकोस गं बाई!' आणि खो खो हसते. मीपण हसते. काय करणार? माझ्या आईनं नाव काय ठेवलं — इन्साफ. तिला काय ठाऊक.

पहिले काही दिवस दारातच चालू करायचे मी. आवाज झाला की हिरवं दार उघडायचं. तो यायचा, भिंतीला हात लावत, खिडकीशी वाकायचा. मला वाटायचं आता शिव्या देईल. एकदा दिल्या असत्या ना, तर माझा जीव हलका झाला असता. पण नाही. कान लावायचा इंजिनला आणि म्हणायचा, 'तेल बदल, खोकतेय.' किंवा, 'शौकी, ऊब आहे ना रे पाठीला?' आणि मग गाडी वळेपर्यंत तिथंच उभा. आरशात दिसायचा. म्हणून ढकलते. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. दहा महिने.

परवा समाह पाण्याच्या नळावर भेटली. माझ्याशी बोलत नाही ती, पण परवा बोलली. म्हणाली, 'बाबा आता अड्ड्यावर जात नाहीत. म्हणतात, उस्तानं पायी अड्ड्यावर जायचं कशाला? खाटेवर बसतात आणि सकाळी विचारतात, आज गाडीचा आवाज नाही आला, शौकीला बरं नाही का? रोज विचारतात.' एवढं बोलली आणि बादली उचलून गेली.

म्हणून विकतेय. विकली की संपलं. छोटी व्हॅन बघून ठेवलीय, नवी आहे, तिला कोणाचा हात ठाऊक नाही. तुम्ही न्या ही, तिकडं लांब न्या, शेतात, माश्यांत. तुम्हाला तिथं कोण विचारतंय. — हो, बघा ना, आत बसून बघा. ती मेंढीची कातडी त्याचीच. मागं तो लहान मुलाचा बूट लटकतोय, दृष्ट लागू नये म्हणून, तो समाहचा. असू दे, जाईल गाडीबरोबर. दार जोरानं लावा, हां, असं. — काय म्हणालात? सुंदर आहे? अहो, तुमच्यापुढं काय मोल ति—

नाही, नाही, काही नाही. चहाचा ठसका लागला. — तुम्ही काय म्हणालात आत्ता? मी म्हटल्यावर, लगेच, चावीकडे न बघता — परत म्हणा. नाही, म्हणा ना.

'मालकाच्याच हाती शोभते.'

किती सहज म्हणालात हो. एवढंच होतं.

उठा हिलमीभाऊ. चहा राहू दे अर्धा. गाडी विकायची नाही. — नाही, तुमचं काही चुकलं नाही, भाव वाढवायचा म्हणूनही नाही, अल्ला शपथ. उसळवाल्याला सांगा जाता जाता, स्टार्टर चांगला आहे म्हणावं. जा आता. दार ओढून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्साफनं गाडी ढकलली नाही, शौकीला आत निजवून दारातच सुरू केली, अड्ड्यावर नेऊन उभी केली, मग उस्ता मितवल्लीला हात धरून तिथं आणलं आणि सगळ्या ड्रायव्हरांदेखत चावी त्याच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "मालकाच्याच हाती शोभते." त्यानं चावी चाचपून पाहिली, तिच्या हातात परत दिली, गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "चल पोरी, शौकीला उशीर होतोय."