घरात कोणी आहे का

डॉक्टर : …तसं नाही, जरा लांब धरा. पाकीट तुमच्या डोळ्यांपुढे नाही, कॅमेऱ्यापुढे. हां. आता नाव वाचता येतंय. या तर झोपेच्या गोळ्या आहेत, आजी.

अंबुजा : आजी म्हणू नका. आजी म्हणायला मला दोन नातवंडं आहेत. ती म्हणत नाहीत, ते वेगळं. अंबुजाबाई म्हणा.

डॉक्टर : बरं, अंबुजाबाई. या तुम्हाला कोणी लिहून दिल्या?

अंबुजा : मला कोण देणार? ह्यांच्या आहेत.

डॉक्टर : मिस्टरांच्या? ते आहेत का तिथे?

अंबुजा : भिंतीवर आहेत. हार घातलाय. बोलावूं?

डॉक्टर : माफ करा. कधी गेले?

अंबुजा : चौदा महिने झाले. नरसिंहराव. शेवटलीं दोन वर्षं डोळ्याला डोळा लागत नव्हता, म्हणून इथल्या डॉक्टरनं दिल्या. माणूस गेला, गोळ्या राहिल्या. टाकून द्यायला हात झाला नाही. आता चार उरल्यात. ह्याच परत लिहून द्या, मी उठतें.

डॉक्टर : इथल्या म्हणजे कुठल्या? तुम्ही कुठून बोलताय?

अंबुजा : कुंभकोणम्.

डॉक्टर : तमिळनाडूत? मला तुमचं मराठी जरा वेगळं वाटलं, पण म्हटलं सोलापूरकडच्या असाल.

अंबुजा : आमचे लोक तंजावरच्या राजांच्या मागून आले आणि राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. साडेतीनशे वर्षं असंच चाललंय.

डॉक्टर : ऐकायला छान वाटतं. जुनं.

अंबुजा : जुनं नव्हे, ठेवणीतलं. तुम्ही लोकांनी वापरून वापरून झिजवलंत.

डॉक्टर : असेल बाई. पण तुम्हाला तिथलाच डॉक्टर सोपा पडला नसता का?

अंबुजा : इथला डॉक्टर माझ्या मुलाच्या, हरिकृष्णाच्या, वर्गातला. औषधाच्या दुकानात साईराम, तो माझ्या नणंदेचा नातू. सकाळी चिठ्ठी दाखवली की संध्याकाळी चक्रपाणीच्या देवळात बायका पुसतील, ‘मामी, डोक्याचं कसं आहे?’ वर ‘पावम्’ म्हणतील. म्हणजे बिचारी. मला बिचारी म्हणून घ्यायचं नाही. आणि हे सगळं तमिळात सांगायचं कसं? तमिळात मी भाजी घेतें, रिक्षावाल्याला झाडतें. हे सांगायला जीभ वळत नाही. माझी नात शिवरंजनी आली होती, तिनं ह्या काचेच्या पाटीत तुम्हां लोकांना घालून दिलं. भाषा कुठली म्हणून पुसत होतं, खाली मराठी दिसलं, तिथं बोट ठेवलं.

डॉक्टर : बरं केलंत. मग सांगा, काय होतं?

अंबुजा : झोप येत नाही. लिहा.

डॉक्टर : एवढंच?

अंबुजा : पहाटेला छाती धडधडते. कोणी दार ठोठावल्यासारखी. उठून बघतें, कोणी नसतं. दिवसा हात उचलत नाही. परवा कोबी चिरायला घेतला, तो दुपारपर्यंत तसाच माझ्याकडे बघत बसला. नणंद म्हणाली, राहू लागलाय, तिरुनागेश्वरम्‌ला जाऊन दूध घाल. तेही केलं. राहूच्या अंगावरून दूध निळं होऊन उतरतं म्हणतात. मला पुढच्या बाईचा अंबाडा तेवढा दिसला.

डॉक्टर : रडू येतं का?

अंबुजा : आमच्यात रडत नाहीत.

डॉक्टर : जेवण कसं आहे?

अंबुजा : एकलीसाठी कोण रांध… सगळ्यांसाठी रांधतें. जेवतें.

डॉक्टर : आणि या गोळ्या किती घेता?

अंबुजा : अर्धी घ्यायचें. मग एक. परवा शुक्रवारी दोन.

डॉक्टर : दोन का?

अंबुजा : एकीनं जाग येते.

डॉक्टर : अंबुजाबाई, हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. रात्री डोळे मिटताना असं मनात येतं का, की उद्या जाग आली नाही तरी चालेल? …ऐकू येतंय ना माझं?

अंबुजा : येतंय. मनातही येतं. जेवण झालं की पानावरून उठावं, तसं उठावं वाटतं. पण हातानं काही करून घेण्यातली मी नव्हे. शपथ घालूं नका.

डॉक्टर : नाही घालत. खरं सांगितलंत, ते बरं झालं. पण या गोळ्या मी लिहून देणार नाही.

अंबुजा : मग इतका वेळ माझी झडती कशाला घेतलीत?

डॉक्टर : दुसरी देते. मन पार खाली बसलंय, ते हळूहळू वर आणणारी. दोन-तीन आठवडे काही फरक कळणार नाही, सुरुवातीला जरा मळमळेल. आणि या उरलेल्या कशा कमी करत सोडायच्या तेही लिहिते, एकदम बंद करायच्या नाहीत. पण एकही पाकीट तुमच्याजवळ राहणार नाही. घरातलं कोणीतरी सांभाळेल आणि रोजची रोज हातात देईल. त्या माणसाशी बोलल्याशिवाय मी चिठ्ठी पाठवत नाही. घरात कोणी आहे का?

अंबुजा : कोणी आहे का म्हणजे? भरलं घर आहे! मुलगा, सून, नातवंडं.

डॉक्टर : वा. मग सूनबाईंना बोलवा.

अंबुजा : न्हातीय.

डॉक्टर : थांबते मी.

अंबुजा : तिचं न्हाणं म्हणजे महामहमचं स्नान, आमच्या इथला कुंभमेळा. सगळ्या नद्या येऊन मिळाल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

डॉक्टर : मग मुलाला बोलवा.

अंबुजा : तो बँकेत गेलाय.

डॉक्टर : आज रविवार आहे.

अंबुजा : कीर्ति! ए कीर्ति! बाहेर ये गं, डॉक्टरबाई बोलावतायत! …ऐकत नाही. आजकालच्या सुना.

डॉक्टर : मला घाई नाही. पण बोलल्याशिवाय चिठ्ठीही नाही.

अंबुजा : बसा तिथंच. हाताला धरून आणतें तिला.

(पडद्यावर रिकामी खुर्ची. दाराकडून दोन बायकांचे आवाज.)

महालक्ष्मी : अय्यो मामी! तुम्ही, माझ्या दारात?

अंबुजा : हळू. माझ्यासंगं चल. आत काचेत एक डॉक्टरबाई बसलीय. ती पुसेल त्याला हो म्हणायचं. तू माझी सून. तुझं नाव कीर्ति.

महालक्ष्मी : मी कीर्ति? कीर्ति तर सिडनीत आहे ना?

अंबुजा : सिडनीत आहे म्हणूनच तुझ्याकडे आलें. नाहीतर कशाला आलें असतें?

महालक्ष्मी : माझ्या हातात कात्री आहे, मामी. गिऱ्हाइकाचा ब्लाउज बेतलाय. आणि तुम्ही माझ्याशी बोलत नाही.

अंबुजा : आता बोलतें आहे ना? ती कात्री ठेव आणि चल.

डॉक्टर : नमस्कार.

महालक्ष्मी : नमस्कार. हो.

डॉक्टर : मी अजून काही विचारलं नाही.

महालक्ष्मी : सरि, बरं. मग विचारा.

डॉक्टर : दारातलं सगळं मला इथे ऐकू आलं, ताई.

अंबुजा : ह्या मेल्या पाटीला कान पण आहेत?

महालक्ष्मी : मी शेजारची महालक्ष्मी, डॉक्टर. शिवणकाम करते. मामींची आणि आमची मधली भिंत एकच. आम्हीही मराठीच, पण मामींच्या हिशेबात नाही.

अंबुजा : तुमचं मराठी म्हणजे बाजारातलं. अर्धं तमिळ आणि वर तोंडी लावायला विठ्ठल विठ्ठल.

महालक्ष्मी : बघा. मामा गेले तेव्हा ह्यांच्या घरात चूल पेटली नव्हती. मी भात-सांबाराचं पातेलं आणून ओट्यावर ठेवलं. झाकण न उघडता परत आलं.

अंबुजा : आमच्यात बाहेरचं चालत नाही.

महालक्ष्मी : हॉटेलातली इडली चालते. पुडी येते ती मी बघते.

अंबुजा : पाळत ठेवतेस माझ्यावर?

महालक्ष्मी : खिडकीत बसून शिवते, मामी. डोळे मिटून शिवायला जमत नाही.

डॉक्टर : महालक्ष्मीताई, भिंतीपलीकडून तुम्हाला काय ऐकू येतं?

अंबुजा : काही सांगायचं नाही.

महालक्ष्मी : मला हो म्हणायला आणलंय, पण तुम्ही विचारता म्हणून सांगते. रोज दुपारी तीनच्या सुमाराला मामी बोलतात. दोन माणसांचं बोलतात. आपलंही आणि मामांचंही. मामांचा आवाज जाड काढतात.

अंबुजा : महालक्ष्मी, पुरे.

महालक्ष्मी : काल पुसत होत्या, ‘आमटीत मीठ जास्त झालं का?’ मामांकडून काही उत्तर आलं नाही. म्हणजे मामींनीच दिलं नाही. मी मशीन थांबवलं. मग परत पुसलं, ‘सांगा ना, जास्त झालं का?’ परत कोणी बोलेना. मला राहवेना, डॉक्टर. मी इकडून म्हटलं, ‘चाखल्याविना कसं सांगू?’

अंबुजा : ती तू होतीस?

महालक्ष्मी : मीच. तुम्हांला कोण वाटलं?

अंबुजा : मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. भिंत बोलायला लागली. रात्रभर दिवा लावून बसलें. म्हणून तर आज ही पाटी उघडली.

डॉक्टर : हे मला सांगितलं नाहीत तुम्ही.

अंबुजा : वेडी म्हणून लिहिलं असतंत.

डॉक्टर : नसतं लिहिलं. म्हणजे घरात दुसरं कोणी नाही.

अंबुजा : नाही. लिहा आता. मुलगा सिडनीत. रविवारी फोन येतो, ‘अम्मा, साप्पिट्टाच्चा’ म्हणजे जेवलीस का, एवढं पुसून ठेवतो. सून तमिळांची, पोरं इंग्रजीतली. पन्नास वर्षं मी ह्यांच्याशी भांडलें ते मराठीत. आता भांडण मनात येतं आणि पुढे जात नाही. दुसऱ्या बाजूचंही मलाच बोलावं लागतं. आणि ह्यांच्यासारखं उलटं बोलायला मला अजून जमत नाही.

महालक्ष्मी : उलटं बोलायला मी आहे की, मामी.

अंबुजा : तुला कोणी पुसलं?

डॉक्टर : मी विचारते. महालक्ष्मीताई, गोळ्या तुमच्याकडे ठेवाल?

अंबुजा : हिच्याकडे? माझ्या झोपेची किल्ली हिच्या बटणांच्या डब्यात?

महालक्ष्मी : ठेवीन. पण उंबऱ्यावरून हातात टाकून जायची नाही मी. आत येणार, बसणार, तुम्ही गिळलेली बघणार, मग उठणार.

अंबुजा : रोज?

डॉक्टर : रोज. आधी तीन आठवडे. मग याच वेळी दोघींनी माझ्याशी बोलायचं. मधे कधी फार वाईट वाटलं, तर सकाळची वाट बघायची नाही. भिंतीवर थाप मारायची. ताई तुम्हाला लगेच दवाखान्यात नेतील. कोणाच्या वर्गातला का डॉक्टर असेना. आणि मुलाला कळायला हवं.

अंबुजा : कळेल. आज फोन येईल तेव्हा सांगेन.

डॉक्टर : काय सांगाल?

अंबुजा : …सांगेन की जेवलें नाही.

डॉक्टर : तिथून सुरुवात करा. पुढचं आपोआप येईल. गोळ्या कुठून आणाल?

अंबुजा : साईरामकडून नक्को.

महालक्ष्मी : साक्कोट्टैला माझी बहीण असते. तिथल्या दुकानातून आणते. तिथं मामींना कोण ओळखतो?

अंबुजा : साक्कोट्टैतही ओळखतात मला.

महालक्ष्मी : नाही ओळखत, मामी.

डॉक्टर : चिठ्ठी लिहितेय. औषध कोणाजवळ राहणार, तिथे महालक्ष्मी घातलं. आता नातं मागतंय. यात मुलगा, मुलगी, सून, भाऊ, बहीण एवढंच आहे.

महालक्ष्मी : शेजारीण लिहा.

डॉक्टर : शेजारीण नाहीये यात. ‘इतर’ आहे, आणि त्यापुढे एक मोकळी ओळ.

महालक्ष्मी : मग ती मोकळीच राहू दे, डॉक्टर. मामींना काही लिहिलेलं चालायचं नाही.

अंबुजा : मोकळी नक्को. लिहा, हिला माझं बोलणं कळतं.