तयार करू का?

"ओढू नको गं, हळूच सोडव," गुंतलेला दोरा हाती धरून आई म्हणायची. कितीतरी वर्षांनी तो आवाज शिवणकामवाल्या बाईला आठवला, तो दुरुस्तीच्या दुकानात, आपल्या फोनची वाट पाहताना. पुढं काउंटरशी एक म्हातारं जोडपं उभं होतं. घरची गाणी-फोटो साठवायच्या स्टोरेज सर्व्हरचा, डिस्क बसवून आत सरकवायचा मोडका ट्रे काकूंनी रुमालातून काढून दुकानदारापुढं ठेवला.

"काका, याची कडी मोडलीय. जोरात ओढलात ना?"

"ओढलाच असणार. यांच्या हाताला धीर म्हणून नाही."

"नुसतं चिकटवून भागणार नाही, काकू. डिस्क हलत राहील. नवा ट्रे मागवतो, चार दिवस लागतील."

"चार दिवसांचं काय, मी वर्षभर थांबलेय. लेकीची गाणी आहेत हो त्यात. ती गेल्यावर ऐकायचा धीरच होईना. आता होईल."

"सर्व्हरच्या दुसऱ्या खणात आणखी एक डिस्क घालून नक्कल ठेवली असेल ना?"

"तो रिकामाच. घेऊ घेऊ म्हणत राहिलो."

"असू दे. ट्रे मोडला म्हणून गाणी जात नाहीत."

"ऐकलंत? उगाच आठवडाभर मूग गिळून बसलात."

"मग मागवू ना, काका?"

"नको."

"अहो, नको काय?"

"मोडका ट्रे मी तसाच आत ढकलला होता गं. पडद्यावर आलं, नवी डिस्क दिसतेय, तयार करू का? मला वाटलं, गाणी लावायला तयार करतंय. मी हो म्हटलं. सगळं कोरं झालं."