पिवळा देश, निळा देश

नाही पण, मी म्हणतो, सुदानवर एखादी सिरीज काढाले कोणाचं काय जात होतं? एक! आठ भागांची! नदी दाखवा, उंट दाखवा, छतावरून उड्या मारून राहिलेला एखादा हेर दाखवा... माणसाले कळते तरी, की बावा असा एक देश आहे आन् तिथं गोळ्या चालून राहिल्या! नाही काढली कोणी. आन् तोंड काळं कोणाचं झालं? माझं! मनीषनगरातल्या बळीरामभाऊचं! हसू नका बावा, लाज वाटून राहिली मले.

तुम्हाले सांगतो, कोराडीच्या पॉवर स्टेशनातून रिटायर झालो आन् पोरानं टीव्हीले ते काय ते जोडून देलं, साऱ्या दुनियेच्या सिरीजा दिसतात ते. जेवलो की सोफ्यावर, ते दिवे लागेपर्यंत! दोन वर्षांत असा तयार झालो, असा तयार झालो, की पोह्याच्या ठेल्यावर लोकं मले फॉरेन मिनिस्टर म्हणाले लागले. रशियाचे हेर चहात काय टाकतात, इचारा! तुर्कस्तानच्या सुलतानाच्या कोणत्या राणीचं कोणाशी पटत नाही, इचारा! कोरियाचा तो सेनापती सोळाव्या भागात मेला, तं आमची बायको भारती दोन दिवस धड जेवली नाही, आन् ठेल्यावर आम्ही पाच जणांनी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळलं हो! पोह्यावरची तर्री थंडी होऊन गेली. एक तं मेला तो चारशे वर्षांपूर्वी, आन् तोही खोटा!

आन् माझी एक पद्धत होती. माझी स्वतःची! सिरीजमंधी एखादा देश पिवळा पिवळा दिसला, धूळ, ऊन, गाढवं... तं समजाचं तिथं गडबड आहे. निळा निळा दिसला, तं चांगला देश, पोरं शिकाले पाठवा. ठेल्यावरचा चंदन इचारे, "काहून गा बळीराम, पोरीले कुठं टाकू शिकाले?" मी डोळे मिटून सांगो, "निळ्यात टाक!" टाकली त्यानं. पोरगी खूश आहे म्हणते. तिथूनच माझं डोकं फिरलं असन.

आता आमच्या बाजूले सिंधूताई राहतात. उमरेडच्या. माहेरी-सासरी हातमाग होता, तो बसला, आता साड्यांले फॉल लावतात. नवरा वारला, एकच पोरगं, प्रीतम. वेल्डर. गेला सुदानच्या कोणत्या तरी कारखान्यात. एक दिवस आली बाई दारात, हातात फोन, म्हणे, "भाऊजी, प्रीतमच्या कंपनीनं बस काढली म्हणते, बंदरापर्यंत. तिकडं कुठं तरी लढाई सुरू झाली म्हणते. निम्मे लोकं जाऊन राहिले, निम्मे थांबून राहिले. पोरगं इचारते, येऊ का राहू? तुम्हाले तं सारं माहीत असते..."

सुदान! मी डोक्यात सिरीजा फिरवल्या. पिवळ्यात पाहिलं, नाही. निळ्यात पाहिलं, नाही. मंग झालं! ज्याच्यावर कोणी सिरीज काढली नाही तिथं काय होणार आहे कप्पाळ? आन् 'मले माहीत नाही' हे तीन शब्द... फॉरेन मिनिस्टर कसे म्हणन? मी म्हटलं, "सिंधूताई, एकदम शांत देश आहे. घाबरट लोकं पळतात. राहू द्या त्याले." आन् वरून, "मी आहे ना!" मी कुठं होतो? सोफ्यावर!

बस गेली. प्रीतम राहिला. चौथ्या दिवशी त्याचा फोन लागणं बंद.

हसू नका बावा, लाज वाटून राहिली मले. मंग रद्दी काढली मी, दोन महिन्यांची. होतं हो! सारं होतं! सुदानात लढाई, इतके मेले, इतके घर सोडून गेले... बारीक अक्षरात, नवव्या पानावर. आन् त्याच पानावर 'या आठवड्यात काय पाहाल', ते मी रोज पेनानं गोल करत होतो! माझ्या पेनाची शाई त्या बातमीवर सांडली होती, म्हणजे हात तिथवर गेला होता माझा. डोळे नाही गेले.

पळत ठेल्यावर गेलो. म्हटलं, अगा चंदन, सुदानात लढाई लागली! तो म्हणे, "कोणत्या अ‍ॅपवर?" म्हटलं, अ‍ॅपवर नाही, खरीच! तं म्हणे, "अच्छा," आन् पोह्यावर लिंबू पिळाले लागला. त्याले काय बोलू? महिनाभरापूर्वी मीही लिंबूच पिळलं असतं.

मंग सरकारच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला, पासपोर्टचा नंबर देला, पुन्हा लावला, पुन्हा देला... एकोणीस दिवस! आन् एकोणीसही दिवस सिंधूताई मले धीर देऊन राहिल्या! झुणका-भाकर आणून देत. "तुम्ही म्हणले ना भाऊजी, शांत देश आहे. मंग फोनच बिघडला असन." तो घास गिळाले तं लागते ना! एकदा वाटलं सांगून टाकावं, सिंधूताई, मी भैताड आहे, मले काही माहीत नव्हतं. तोंड उघडलं आन् म्हटलं, "झुणका मस्त झाला."

आला प्रीतम. विसाव्या दिवशी बातमी आली, जहाजात बसला. घरी आला तेव्हा निम्मा होता. आन् माझ्या पाया पडला हो! शिव्या द्याच्या तं पाया पडला! मी त्याले ठेल्यावर नेलं, म्हटलं सांग गा सगळ्यांले. तो सांगाले लागला, जिन्याखाली अकरा जण होतो, भिजवलेले चणे खात होतो, पाणी बाटलीच्या झाकणानं वाटत होतो... चंदन म्हणे, "मंग तू बंदूक हिसकली का?" "नाही काका." "एखादी हेर बाई?" "नाही काका. आम्ही बसून होतो." "बसूनच होते?" झालं! एकानं फोन काढला, दुसऱ्यानं काढला... आन् मी? सगळ्यांवर खेकसणार होतो, तेवढ्यात मले दिसलं, की मी स्वतःच घड्याळ पाहून राहिलो होतो. हसू नका बावा... बरं, हसा. हसाच.

तर परवा सिंधूताई पुन्हा दारात. हातात कागद. प्रीतमले ओमानचं बोलावणं आलं. "भाऊजी, तिकडं कसं आहे? तुम्ही म्हणसान तसं." मी छाती भरून श्वास घेतला, हात जोडले, आन् साफ सांगितलं, "सिंधूताई, मले माहीत नाही."

बाई पाहतच राहिली माझ्याकडं. पांढरीफटक! मटकन खाली बसली आन् पदर डोळ्याले लावला. "अवं भारतीबाई वं, ऐकलं का? भाऊजीले माहीत असून सांगून नाही राहिले! इतकं वाईट आहे का तिकडं?" भारती धावत आली, चंदन आला, अर्धी गल्ली जमा झाली. मी घसा फाडून ओरडून राहिलो, अवो, खरंच माहीत नाही! देवाशपथ माहीत नाही! तं चंदन सगळ्यांले हळूच म्हणे, "पाहा, मोठा माणूस. आतली बातमी फोडत नाही."

एकसष्ट वर्षांचा झालो, पहिल्यांदा खरं बोललो, आन् कोणी मानूनच नाही राहिलं.