तिसरा खड्डा

(कोळजवाडी, तालुका मंगळवेढा. मार्च १९७५. गावच्या नियोजित तलावाची जागा पाहायला आलेले सर्वेअर यज्ञेश्वर देव यांना गावकऱ्यांनी शाळेत अडवून ठेवलंय, त्याचा तिसरा दिवस. विरोधी कृती समितीचे अध्यक्ष धोंडीराम सोलापूरहून नुकतेच परतलेत. त्यांची थोरली भावजय सारजाबाई ताट वाढते आहे.)

धोंडीराम : न्हाय वैनी, कुनीच इचारलं न्हाय. मीच आपला टेबलाटेबलाला सांगत हिंडलो.

यज्ञेश्वर : कुणीच नाही? तीन दिवस झाले की मला.

धोंडीराम : सायेब, मी तुमच्या हापिसात गेलो, पयल्याच टेबलापशी उभा ऱ्हायलो आन सरळ सांगितलं, की आमी कोळजवाडीच्या लोकांनी देव कोंडलाय.

सारजाबाई : आसंच म्हनला, भावजी?

धोंडीराम : म्हनलो की. तर त्यो क्लार्क म्हनतो, देवस्थानाची कामं हितं न्हाईत, दुसऱ्या कचेरीत जावा.

यज्ञेश्वर : अहो, पूर्ण नाव सांगायचं.

धोंडीराम : सांगितलं. यज्ञेश्वर देव, सर्वेअर, उंच, चष्मा हाय, बोलताना घसा खाकरत्यात. मग त्यानं बुक उघडलं. म्हनला, देव दौऱ्यावर आहेत. मी म्हनलं, दौऱ्यावर न्हाईत, आमच्या शाळेत कोंडल्यात. तर म्हनला, शाळा कोळजवाडीतच ना? मग दौऱ्यावरच.

यज्ञेश्वर : तसं ते बरोबर आहे.

सारजाबाई : काय बरोबर हाय त्यात? मानूस नाहीसा झाला तर चौकशी नको? जेवा तुमी आदी. आमटी निवतीया.

धोंडीराम : मला वाटलं पोलीस येतील, पेपरवाले येतील. मी इस्त्रीची कापडं घालून गेलतो. मंग थोरल्या सायबाकडं गेलो. म्हनलं, तलाव रद्द केल्याचं लिहून द्या, तवाच मानूस सोडू. त्यांनी ऐकून घेतलं, लई शांत मानूस. म्हनले, लेखी आणा.

यज्ञेश्वर : अर्ज द्यायचा मग.

धोंडीराम : दिला. खिशातच हुता. त्यांनी वाचला आन माघारी दिला. म्हनले, जागेवरच्या अधिकाऱ्यामार्फत आला पायजे. त्याची सही आन शिफारस लागंल.

सारजाबाई : जागेवरचा अधिकारी कोन?

यज्ञेश्वर : मी.

सारजाबाई : म्हंजी ह्यांना कोंडलंय, ह्या कागदावर ह्यांनीच सही करायची?

यज्ञेश्वर : पद्धत तशीच आहे, मावशी. बघू तो अर्ज. धोंडीराम, 'डांबून ठेवले' असं नका लिहू. 'थांबवून घेतले' लिहा. डांबून म्हटलं की कागद दुसऱ्या शाखेत जातो आणि मग तो सापडत नाही.

धोंडीराम : थांबवून घेतले. बरं. म्होरं वाचा की, हरकती बरोबर हायेत का बघा.

यज्ञेश्वर : हरकत पहिली. आमच्या ओढ्याला तीन वर्षांत पाणी नाही, सबब तलाव निरुपयोगी आहे. हरकत दुसरी. तलाव भरल्यास आमची सर्व जमीन बुडून जाईल. अहो, एक काय ते ठरवा. पाणी येणार आहे का नाही?

धोंडीराम : त्यावर समितीत दोन दिस भांडनं झाली. वढ्याकडंची मान्सं म्हनली बुडंल, माळावरची म्हनली कोरडा पडंल. दोघांनी बी ऐकलं न्हाय. मग दोन्ही घातलं.

सारजाबाई : त्यात काय चुकलं? पानी न्हाई आलं तर जमीन घेतलेली वाया. आलं तर जमीन पान्यात. कसं बी केलं तरी जमीन जातीयाच की.

यज्ञेश्वर : हे असं का नाही लिहिलंत?

सारजाबाई : मला कोन इचारतंय समितीत. मी सैपाकाला.

यज्ञेश्वर : पण मावशी, खालच्या चार गावांना पाणी मिळेल. तिथे माळ आहे, कुसळं उगवतात.

सारजाबाई : मिळू द्या की. पन ज्या रानाला पानी लागत न्हाय, तेच रान बुडवून कशाला? ही काळी एकदा भिजली की पाच म्हैने वल धरती. वर थेंब पडला न्हाय तरी ज्वारी येती. भात्तरच्या दुस्काळात समद्या तालुक्यात कडबा न्हवता, तवा माझ्या रानात गुडघ्याएवढी का हुईना, हिरवी ताटं हुती. लोक बघाया यायची. दोन भाकरी घ्या अजून.

यज्ञेश्वर : पुरे. धोंडीराम, माझ्या घरी निरोप दिलात का?

धोंडीराम : दिला. तुमच्या मंडळी दारात आल्या. मी म्हनलं, सायबांना आमी थांबवून घेतलंय, काळजी करू नका. त्यांनी इचारलं, जेवतात का? म्हनलं, चार भाकरी. त्यांना खरं वाटंना. मग म्हनल्या, चिडतात का तुमच्यावर? म्हनलं, न्हाय. तर म्हनल्या, मग राहू द्या अजून दोन दिवस.

यज्ञेश्वर : प्रभा असं म्हणाली?

धोंडीराम : आन हे दोन सदरे आन चष्म्याचं घर दिलंय. सायेब, मला तर आता तुमची लाज वाटाया लागली. आमी एवढा मानूस धरला, आन कुनाचं काय अडलं न्हाय. घेराव उठवला म्हना. चारच्या एस्टीनं जावा तुमी.

यज्ञेश्वर : जातो. पण जाऊन काय करू? हा फॉर्म भरून द्यायचाय. हे बघा, छापलेलाच आहे. 'जागेची पाहणी केली. जागा योग्य आहे.' खाली माझी सही.

सारजाबाई : आन योग्य नसली तर?

यज्ञेश्वर : त्याला जागा ठेवलेली नाही.

सारजाबाई : मागं कोरं हाय की.

यज्ञेश्वर : मागे?

सारजाबाई : कागदाच्या मागं. उलटा करा.

यज्ञेश्वर : चौदा वर्षं नोकरी झाली, मागे कधी लिहिलं नाही. आणि लिहू काय? तलावाची भिंत मुरमावर उभी करावी लागते. वरच्या काळ्या मातीवर टिकत नाही. म्हणून तीन चाचणी खड्डे घ्यायचे होते. पहिल्यात चौदा फुटांवर मुरूम लागला, दुसऱ्यात पंधरावर. तिसरा मधला, मावशींच्या रानातला. पंचवीस फुटांपर्यंत मुरूम लागला नाही, तर जागा बाद. मला वाटतंय नाही लागायचा. पण वाटून उपयोग नाही, खड्डा बारा फुटांवर थांबलाय.

धोंडीराम : का थांबला?

यज्ञेश्वर : तुम्ही काठ्या घेऊन आलात म्हणून. माझे बेलदार पळाले ते मंगळवेढ्याच्या पलीकडे गेले.

सारजाबाई : म्हंजी जो खड्डा आमाला वाचवनार, त्योच ह्यांनी बंद पाडला.

धोंडीराम : आमाला काय म्हाईत? सायेब, तुमी तवाच सांगायचं न्हाय का?

यज्ञेश्वर : सांगत होतो. तुम्ही घोषणा देत होता.

धोंडीराम : आता?

यज्ञेश्वर : आता माणसं दिलीत तर उरलेला खणून घेतो. पण एक सांगून ठेवतो. मुरूम लागला, तर मी पुढच्या बाजूला सही करणार. मग मला पुन्हा कोंडलंत तरी चालेल.

धोंडीराम : समितीची बैठक घ्यावी लागंल.

सारजाबाई : रान माझं हाय. खांदा तुमी.

* * *

धोंडीराम : वैनी, काठावरनं मागं सरा, माती ढासळतीया डोक्यावर. सायेब, किती झालं?

यज्ञेश्वर : एकवीस फूट दोन इंच. चार दिवसांत चांगलं खणलंत. माझ्या बेलदारांनी आठवडा घेतला असता.

धोंडीराम : तलावाच्या विरोधातलं काम हाय, मान्सं जीव लावून खांदत्यात. थांबा. थांबा जरा. पहार वाजली.

यज्ञेश्वर : काय लागलं?

धोंडीराम : टणक हाय कायतरी. सायेब, मी काय म्हनतो, बाकीच्यांना वर पाठवलंय, हितं खाली मी एकटाच हाय. तुमी वरनंच टेप धरा. मी काळी मातीच हाय म्हनतो, तुमी तेवढं लिवा.

यज्ञेश्वर : नाही. मी दोरावरून खाली येतो. मावशी, तुम्ही बसून घ्या. घाम फुटलाय तुम्हाला.

सारजाबाई : ह्या रानात हराळी हुती, सायेब, गुडघ्याएवढ्या मुळ्या. मालकांनी आन मी सात वर्सं खांदली. एक मुळी ऱ्हायली तरी पुन्ना माजती. सातव्या वर्सी म्हनले, आता झालं रान. आन दुसऱ्या साली ते गेले. एकच ज्वारी बघितली त्यांनी हितली.

यज्ञेश्वर : मावशी, जे असेल ते मी लिहिणार. मला दुसरं काही येत नाही.

सारजाबाई : ते मला पयल्या दिशीच कळलंय. कोंडलं तवा बी तुमी आमच्या पोरांचं शुद्धलेखन तपासत बसलेलात. जावा, बघून या. दोर नीट धरा.

धोंडीराम : या सायेब. पाय हितं ठिवा. हे बघा, हे.

यज्ञेश्वर : कुदळ द्या. बाजूने मोकळं करा. अजून. हलतोय. धोंडीराम, हा धोंडा आहे. एकटाच.

धोंडीराम : आन खाली?

यज्ञेश्वर : खाली काळी. ओली आहे, हाताला चिकटते.

धोंडीराम : वैनी, ऐकलं का? वैनी?

सारजाबाई : ऐकलं. वर या आन भाकरी खावा. उरलेलं जेवन झाल्यावर.

* * *

धोंडीराम : पंचवीस भरले, सायेब. काळीच हाय. अजून फूटभर घेऊ का, खात्रीला?

यज्ञेश्वर : नको. पंचवीसच्या खाली जायला वेगळी परवानगी लागते.

सारजाबाई : भावजी, वर या. खाली काय आसंल ते आसू द्या.

* * *

सारजाबाई : सायेब, तुमी? सहा-सात म्हैने झालं. बसा. भावजी आलेच, बैल बांधत्यात.

यज्ञेश्वर : माझी बदली झाली, मावशी. जेऊरला. जाताना म्हटलं तुमच्या फॉर्मचं काय झालं ते सांगून जावं.

धोंडीराम : राम राम सायेब. काय झालं? झाला का रद्द?

यज्ञेश्वर : नाही.

धोंडीराम : मंग मंजूर झाला?

यज्ञेश्वर : तेही नाही. मी पुढे सही केली नाही, मागे लिहिलं. पंचवीस फूट, काळी माती, जागा अयोग्य. फॉर्म परत आला. शेरा होता, 'मागील बाजूस मजकूर आढळला, खुलासा करावा.' मी खुलासा दिला. मग विचारलं, खड्डा खणला कोणी? मी लिहिलं, तलावाला विरोध करणाऱ्या ग्रामस्थांनी.

धोंडीराम : खरं तेच लिवलं.

यज्ञेश्वर : तिथेच अडलंय. वरचे बारा फूट बेलदारांनी खणले, ते खात्याचे. खालचे तेरा फूट तुमचे. खात्याच्या म्हणण्याप्रमाणे खड्डा बाराच फूट आहे, आणि त्याच्या खालचा भाग खाजगी आहे. खाजगी खड्ड्यातली माती पुरावा म्हणून धरायची का, हे विचारायला फाइल मुंबईला गेली. तिथून ती परत आल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

सारजाबाई : म्हंजी तवर भिंत न्हाय?

यज्ञेश्वर : तोवर काहीच नाही. मी चौकशी केली, अशा फायली नऊ-दहा वर्षं सहज राहतात.

धोंडीराम : मग जिंकलो म्हनायचं का आपन? समितीला सांगावं लागंल काय तरी.

यज्ञेश्वर : तसं लेखी देता येणार नाही. आणि मावशी, एक आहे. निकाल लागेपर्यंत तो खड्डा बुजवायचा नाही. वरचे बारा फूट सरकारी आहेत.

सारजाबाई : ऐन मधी हाय त्यो, रानाच्या.

यज्ञेश्वर : माहीत आहे. मला वाईट वाटतं. पेरणीच्या वेळी अडचण झाली असेल.

सारजाबाई : झाली पेरनी. भवतीनं काटं लावलं आन वळसा घालून पेरलं. पयल्या दिशी बैलं बुजली. आता त्यांची तीच वळत्यात.